खाली बसलेली गाडी: लंडनपासून जे. सी. रोडपर्यंत

किल्ले, तह आणि वखारी यांच्यातून आज एक दिवस सुट्टी घेऊ या. आजचा विषय आहे गाडीची स्प्रिंग. त्यातही एक खास जात, जी लावली की गाडी तीन-चार सेंटीमीटर खाली बसते. इंग्रजीत तिला लोअरिंग स्प्रिंग म्हणतात आणि आपल्याकडची पोरंही तेच म्हणतात.

विषय कुठून आला ते सांगतो. माझा धाकटा मावसभाऊ सांगलीचा, गेली सहा वर्षं बंगळुरूत नोकरीला. त्याने एक सेकंडहँड जर्मन हॅचबॅक घेतली, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. तिला तो स्पोर्ट्‌स कार म्हणतो. मी हसायचो, पण ते नंतर. एका शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. "दादा, स्प्रिंगा आल्यात. उद्या तळघरात लावू या का? तू नुसता पाने हातात दे." मी इतिहासाचा माणूस, पण पाने हातात देण्याइतकी अक्कल मला आहे. त्या शनिवारी काय झालं ते सांगणारच आहे. त्याआधी थोडं मागे जाऊ. किती मागे? तर १६७८ पर्यंत.

त्या वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट हूक नावाच्या माणसाने एक छोटं पुस्तक छापलं. दोन वर्षांपूर्वी त्याने आपला शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा जाहीर केला होता, कुणी चोरू नये म्हणून. आता त्याने ते कोडं उलगडलं. जितका ताण, तितका जोर. स्प्रिंग दुप्पट दाबायची तर दुप्पट ताकद लागते. आता गंमत बघा, त्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिणेची मोहीम आटोपून परतले होते आणि बंगळूर भोसल्यांच्या जहागिरीत होतं, शहाजीराजांना १६३८ मध्ये मिळालेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सनावळ्या डोक्यात एकमेकींशेजारी ठेवल्या की पक्क्या बसतात, म्हणून सांगितलं.

हूकचा नियम कागदावर आला तरी रस्त्यावरच्या माणसाला त्याचा फायदा व्हायला सव्वाशे वर्षं गेली. १८०४ मध्ये इंग्लंडच्या ओबदाया इलियटने घोडागाडीसाठी पोलादी पट्ट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचं पेटंट घेतलं. आपल्या टांग्याखाली असायचे ते पाटे याच घराण्यातले. बैलगाडीला पाटे नसतात, त्यामुळे बैलगाडीतून सासरी गेलेल्या आजीला विचारा, हूकचा नियम नसला की पाठीचं काय होतं ते. मोटारी आल्या त्याही पाट्यांवरच आल्या. ट्रकखाली अजून पाटेच दिसतात.

गोल वेटोळ्याची स्प्रिंग मोटारीच्या पुढच्या चाकांवर मोठ्या प्रमाणात आली ती १९३४ च्या सुमारास, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये. त्यामागे मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर होता, आधी रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला. याने एक साधी गोष्ट दाखवून दिली. खड्ड्यावरून जाताना पुढचं चाक आधी उडतं, मागचं थोड्या वेळाने. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी कडक, म्हणजे जास्त वेगाने हलणारी ठेवली, तर ती पुढच्या हालचालीला गाठते आणि गाडी होडीसारखी डोलायची थांबते. हे लक्षात ठेवा. बाजारातून कुठल्याही चार स्प्रिंगा आणून ठोकल्या की सगळ्यात आधी हा हिशोब बिघडतो.

दुसरा माणूस अर्ल मॅकफर्सन. याने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले, वरचं टोक थेट गाडीच्या पत्र्याला. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड गाड्यांवर ही रचना आली. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्या पुढच्या चाकांवर हाच खांब होता. आज आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीत तो आहे. मावसभावाच्या गाडीतही.

मधल्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? इथे दोन मराठी मुलखातली माणसं आठवतात.

एक इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकापर्यंत ते नमुन्यावर नमुने करत राहिले. त्यांनी स्प्रिंगचा प्रश्न कसा सोडवला, माहीत आहे? स्प्रिंगच काढून टाकली! मीराचं सस्पेन्शन रबराचं होतं. सुटे भाग कमी, दुरुस्ती सोपी. गाडी कारखान्यातून विक्रीला कधीच आली नाही, परवान्यांच्या राज्यात ती अडकली ती अडकलीच. माझ्या मते मीरावर स्वतंत्र भाग करायला हवा. पुढे करू.

दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. या एका माणसाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना उभा केला, म्हैसूर सरकारला भागीदार करून. तोच आजचा एचएएल. आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी बनवत राहिला. म्हणजे आपल्या गोष्टीची दोन्ही टोकं वालचंदांच्या हातात आहेत. फियाटच्या पुढच्या चाकांना गोल स्प्रिंग होती, मागे पाटे. ॲम्बॅसडरला पुढे पिळाची सळई आणि मागे पाटे. स्टँडर्ड हेराल्डला पुढे गोल स्प्रिंग आणि मागे एकच आडवा पाटा. गाडी खाली बसवायची हौस ज्यांना होती त्यांच्यासमोर साठच्या दशकात एवढंच ताट वाढलेलं होतं.

ती हौस भागवायची कुठे? तर मद्रासच्या उत्तरेला शोलावरमची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धातली, विमानं गेल्यावर मोकळी पडलेली. तिथे पन्नासच्या दशकापासून मोटारींच्या शर्यती व्हायला लागल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक होईपर्यंत दक्षिणेतल्या शर्यतींचं ते मुख्य ठिकाण होतं. फियाट आणि हेराल्ड तिथे धावायच्या. पुढे विजय मल्ल्यांनी एक जुनी फॉर्म्युला वन गाडीही तिथे पळवली. धावपट्टी सपाट असते, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. तिथे गाडीचं पोट जमिनीला किती जवळ आहे याची फिकीर नसते. गाडी खाली बसवण्याची कला जगात जिथे जिथे वाढली, तिथे तिथे आधी एक सपाट जमीन होती.

बंगळुरूत ही हौस घराघरात का पोचली याचं माझं उत्तर शर्यती हे नाही. माझं उत्तर आहे फिटर. एचएएल, मग भारत इलेक्ट्रॉनिक्स, आयटीआय, एचएमटी, मायको, एकाच शहरात एवढे कारखाने. यांच्यात दोन-तीन पिढ्या अशा घडल्या, ज्यांना मायक्रोमीटर म्हणजे काय, टॉर्क म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. सकाळी आठच्या पाळीला जाऊन संध्याकाळी परत आलेला माणूस रविवारी आपली गाडी स्वतः उघडायचा. सुटा भाग हवा तर जे. सी. रोड. लालबागेच्या बाजूने टाऊन हॉलकडे जाताना लागणारा हा रस्ता, पूर्ण नाव जयचामराजेंद्र रोड. गाडीचा असा भाग नाही जो तिथे मिळत नाही, असं बंगळुरूकर म्हणतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडची जी कीर्ती, तीच इथे जे. सी. रोडची. कानडी, उर्दू, तमिळ, सगळं एका वाक्यात बोललं जातं, आणि तुम्ही मराठीत विचारलं तर हुबळी-बेळगावकडचा कुणीतरी आतून बाहेर येतो.

आणि याच शहराच्या एका कंपनीने खरीखुरी स्पोर्ट्‌स कार बनवली, हे किती जणांना ठाऊक आहे? सॅन स्टॉर्म. रेल्वेची छोटी इंजिनं बनवणारी बंगळुरूची सॅन कंपनी, तिने १९९८ मध्ये दोन माणसांची उघड्या छपराची गाडी आणली. आराखडा फ्रेंच, ११४९ सीसीचं इंजिन रेनॉचं, साधारण ६० अश्वशक्तीचं, अंग फायबरचं, आणि जुळणी गोव्यात. साठ अश्वशक्तीला स्पोर्ट्‌स कार म्हणावं का? मी म्हणेन. गाडी हलकी होती, बसायची जागा जमिनीजवळ होती आणि ती कुणाच्याही कामाची नव्हती. स्पोर्ट्‌स कारची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. ती फार खपली नाही. पुढे २०१२ मध्ये दिलीप छाब्रियांनी अवंती दाखवली, तिच्यातही रेनॉचंच इंजिन.

आता शनिवारकडे येतो. पण आधी एक हिशोब, कारण 'गाडी खाली केली की वळणावर चिकटते' हे वाक्य प्रत्येक जण सांगतो आणि आकडा कुणी सांगत नाही.

समजा गाडी ११०० किलोची. वळणावर बाजूला खेचणारा जोर तिच्या वजनाच्या सात दशांश. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर, दोन चाकांमधलं अंतर १४६ सेंटीमीटर. ११०० गुणिले ०.७, गुणिले ५५, भागिले १४६. उत्तर येतं २९० किलो. एवढं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. आता गाडी ३ सेंटीमीटर खाली करा. ५५ च्या जागी ५२. उत्तर २७४ किलो. म्हणजे एवढा खटाटोप करून फरक पडला १६ किलोचा! मागच्या सीटवरची भाजीची पिशवी आणि तुमचा भाचा उतरवला तरी तेवढंच होईल.

मग गाडी वेगळी का वाटते? कारण ती खाली बसवणारी स्प्रिंग कडकही असते. असावीच लागते, नाहीतर उरलेल्या कमी जागेत चाक वर येऊन आदळेल. कारखान्याच्या मऊ गाडीचा नैसर्गिक झोका मिनिटाला साठ-सत्तर असतो, आपल्या चालण्याच्या लयीजवळ. तो नव्वदकडे गेला की गाडी चपळ वाटते आणि पाठ दुखते. कडकपणा येतो तारेच्या जाडीतून, जाडीच्या चौथ्या घातात. तार १२ मिलिमीटरची १३ केली की कडकपणा जवळजवळ ३८ टक्के वाढतो. म्हणून बनवणारा जाडी आणि वेटोळी दोन्ही ठरवून बनवतो. आपल्या काही गॅरेजांमध्ये मात्र ग्राइंडर घेऊन एक वेटोळं कापतात. सहातलं एक कापलं तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, खरं आहे, पण कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गॅसने तापवून बसवतात. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं. अशी स्प्रिंग कधी मोडेल याची तारीख कुणी देत नाही.

आणि फार खाली गेलं तर? मॅकफर्सनच्या रचनेत खालचा दांडा आडवा असायला हवा. गाडी खाली गेली की तो चाकाकडे वर चढतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणाम उलटा, गाडी जास्त झुकू पाहते. म्हणजे दोन बोटं खाली ठीक, चार बोटं खाली म्हणजे दिसायला शर्यतीची आणि चालायला कारखान्यापेक्षा वाईट.

तर आम्ही तळघरात. दोन्ही पुढची चाकं काढली, गाडी जॅकवरून उतरवून घोड्यांवर ठेवली. एवढं शहाणपण मावसभावाकडे होतं, नुसत्या जॅकवर टाकलेल्या गाडीखाली जो हात घालतो त्याच्या घरच्यांना मी आधीच फोन करतो. लिंक रॉड सुटला, खांब बाहेर आला. आता खांबाच्या वरची नट. ही नट सुटली की दाबलेली स्प्रिंग मोकळी. म्हणून आधी स्प्रिंगला दोन बाजूंनी आकडे लावून, बोल्ट पिळून ती आवळायची, आणि ती वाटीपासून सुटी झाली की मगच नट उघडायची.

यात किती जोर असतो? प्रत्येक मिलिमीटरला २५ न्यूटनची स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली तर ती ३७५० न्यूटनने, म्हणजे जवळपास ३८० किलोने ढकलते. आत साठलेली ऊर्जा सुमारे २८१ ज्यूल. १० किलोची तांदळाची गोणी पावणेतीन-तीन मीटरवरून डोक्यात पडली असं समजा.

कॉम्प्रेसर ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला. एका बाजूचा बोल्ट तो पिळत होता, दुसऱ्या बाजूचा मी. मी गप्पा मारत होतो, त्यामुळे माझी बाजू मागे पडली. "दादा, स्प्रिंग वाकतेय." एवढंच तो म्हणाला. मी "कुठे?" म्हणेपर्यंत त्याने माझा खांदा धरून मला मागे ओढलं. आकडा सटकला, स्प्रिंग खांबासकट फरशीवर उडी मारून सिमेंटच्या खांबाला लागली आणि तिथला कोपराच गेला. माझं तोंड जिथे होतं त्या रेषेत. नट अजून उघडलेली नव्हती म्हणून ती खांबासकटच उडाली, नाहीतर नुसती स्प्रिंग कुठे गेली असती ते मला विचार करायचा नाही. चूक माझी होती, कॉम्प्रेसरची निम्मी. आम्ही दहा मिनिटं काही बोललो नाही. मग चहा प्यायला वर गेलो, आणि मावशीला काही सांगायचं नाही असं ठरलं.

उरलेलं काम दुसऱ्या दिवशी, ओळखीच्या फिटरकाकांना बोलावून. एचएमटीतून निवृत्त झालेले. त्यांनी आधी आमचा कॉम्प्रेसर हातात घेतला, आकड्याच्या वळणावर बोट फिरवलं आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. स्वतःचा आणला होता, वजनाला तिप्पट. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. खालच्या दांड्याचे बुश घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेली असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग चाकांची अलाइनमेंट, तीही दोन-चार दिवस गाडी बसू देऊन.

आता कायदा. गाडीच्या पोटावर पहिला गाजलेला कायदा आला कॅलिफोर्नियात, १ जानेवारी १९५८ पासून. चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये. रोख कुणावर होता हे उघड होतं, मेक्सिकन वस्त्यांतली तरुण पोरं, ज्यांच्या खाली बसवलेल्या गाड्या संध्याकाळी रस्त्यावरून हळूहळू फिरायच्या. रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. तो कायदा मागे घेतला गेला २०२३ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीने. पासष्ट वर्षं!

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थाने वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणीच्या कार्डावर गाडीच्या पोटाची उंची लिहिलेली नसते, हा युक्तिवाद पोरं करतात. तो रस्त्याच्या कडेला इन्स्पेक्टरसमोर करून बघा. आणि अपघात झाला तर विमा कंपनीसमोर.

मला यातली विसंगती वेगळीकडे दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा कंस. अडीच मीटर लांबीच्या चाकांच्या अंतराची गाडी त्यावर आली तर पोटाखालची जागा साडेचार सेंटीमीटरने कमी होते, बस. गाडीचं पोट साडेसोळा सेंटीमीटरवर असो की साडेतीन सेंटीमीटर खाली आणून तेरावर, दोन्ही निवांत जातात. पण आमच्या गल्लीतला गतिरोधक अर्धा मीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर उंच आहे, कुणीतरी एका रात्रीत डांबर ओतून केलेला. तो पूर्णच्या पूर्ण दोन चाकांच्या मध्ये येतो. साडेसोळावाली गाडी चार माणसं बसवून घासत जाते, तेरावाली अडकते. सरकारी मापाबाहेर कोण आहे, गाडी की रस्ता? दंड मात्र एकालाच.

मावसभाऊ वर्षभर ती गाडी तिरपी करून, एका वेळी एक चाक, गतिरोधक ओलांडत राहिला. मागून हॉर्न वाजायचे. पहाटे नंदी हिल्सच्या वळणांवर मात्र त्याच्या शेजारी बसून मी गेलोय, आणि तिथे मी त्याच्या गाडीला हसायचं बंद केलं, सोळा किलोचा हिशोब तोंडपाठ असूनही.

जुन्या स्प्रिंगा माझ्या बाल्कनीत आहेत, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळलेल्या. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. लग्न ठरलंय, मोठी गाडी घ्यायचीय, ही विकायची तर मूळ स्प्रिंगा परत बसवायला हव्यात. "शनिवारी येऊ का दादा?" मी म्हटलं, ये, पण आधी काकांना फोन कर. त्यांचा कॉम्प्रेसर रिकामा असेल त्या शनिवारी ये.

चला, भेटू पुढच्या भागात.